ध्यान, श्वास आणि हृदयाचे ठोके

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. माझं सारं आयुष्य बँकेत गेलं. जमा-नावे जुळल्याशिवाय सही करायची नाही, एवढी एक सवय तिथून सोबत आली आहे. गच्चीवर आपली वीसएक मंडळी रोज सकाळी ध्यानाला बसतात. त्यात मीही असतो. म्हणून या विषयाचा हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक छोटा प्रयोग करू. मनगटावर बोटं ठेवा, नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८४७ मध्येच नोंदवली होती. आपल्या वयात हा फरक फार जाणवणार नाही, तो वयाबरोबर कमी होतो. घरी गेल्यावर नातवंडांची नाडी बघा, तिथे स्पष्ट कळेल.

असं का होतं? हृदयाला स्वतःची लय असते. मेंदूचा काहीच हुकूम नसेल, तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. प्रत्यक्षात बसल्या जागी ७०-७२ पडतात, कारण मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू सतत ब्रेक लावून असतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये हे बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! म्हणजे हा ब्रेक रसायनाच्या मार्फत लागतो. १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळालं.

आता ध्यानाकडे येऊ. डोळे मिटून शांत बसलं की श्वास बहुधा आपोआप संथ होतो. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केलं. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणा, नाहीतर ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची चढ-उतार श्वासाच्या तालात पडते. धर्म वेगळे, देश वेगळे, पण लय एकच. आपल्या आजीची जपमाळ आठवा!

हा रस्ता एकतर्फी नाही. व्हेगसमधले बहुतांश तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर मेंदूच्या आलेखात एक बारीक लहर उमटते. ती इतकी बारीक असते, की दिसायला शेकडो ठोक्यांची सरासरी काढावी लागते. लक्ष ठोक्यांकडे वळवलं की ती मोठी होते, असं अनेक प्रयोगांत आढळलं आहे. ध्यानात आपण लक्ष वळवायचाच तर सराव करतो.

इथपर्यंत जमा बाजू झाली. आता नावे बाजू.

योगी हृदय थांबवतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी भारतात असे दावे यंत्रावर तपासले आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. मनगटाची नाडी खरंच लागत नव्हती, पण ईसीजीत हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी व्हायचं, म्हणून नाडी हरवायची.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २००८ मध्ये अमेरिकेत अनुभवी ध्यानसाधकांना स्वतःचे ठोके आतून ओळखायला सांगितलं. ते इतरांपेक्षा अचूक ठरले नाहीत. मात्र आपल्याला हे उत्तम जमतंय, असं त्यांना स्वतःला वाटत होतं.

हे मुद्दाम सांगतोय. आपल्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी, त्यांच्या परवानगीने सांगतो, ध्यान सुरू केल्यावर तीन महिन्यांत बीपीची गोळी सोडली. “मला आतून एकदम शांत वाटतं,” असं ते म्हणायचे. वाटत होतं ते खरंच होतं. पण एका सकाळी जिन्यात चक्कर आली तेव्हा वरचा आकडा १९० होता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून आज ते पुढच्या रांगेत बसलेत. मनाची शांतता आतून कळते, रक्तदाब आतून कळत नाही. तो यंत्रावरच बघावा लागतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हेच सांगितलं. ध्यानाचा हृदयाला फायदा होण्याची शक्यता आहे, पण ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला करावं, उपचारांच्या जागी नाही.

तेव्हा सकाळी साडेसहाला गच्चीवर जरूर या. श्वास सोडताना घाई करू नका, ओढूनताणून रोखूही नका. घरून निघताना गोळी घ्यायला विसरू नका. नाडी वेडीवाकडी पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. कमिटीने ऑफिसात बीपीचं मशीन ठेवावं, अशी माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा ज्याने त्याने आपला आकडा वहीत लिहावा. ती वही तपासून सही करायला मी आनंदाने बसेन.