कृष्णेची वाटणी आणि पाळी

भाऊ वेगळे निघाले म्हणजे शेताची वाटणी होते. पंच बसतात, मोजणीची साखळी फिरते, नवा बांध पडतो आणि ज्याचे क्षेत्र त्याच्या नावे लागते. विहिरीपाशी मात्र पंचांना थांबावे लागते, कारण विहिरीच्या मध्यावर बांध घालता येत नाही. मग पाळी ठरते. चार दिवस थोरल्याने मोट धरावी, पुढचे चार दिवस धाकट्याने. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले तर दोघांच्याही पाळीचे तास सारखेच कमी व्हावेत. जमीन वाटली जाते, पाणी पाळीने घेतले जाते, हा भेद खेड्यातील पंचांना कोणी शिकवावा लागत नाही. राज्ये जेव्हा नदीची वाटणी करावयास बसतात, तेव्हा हा भेद कितपत ध्यानात राहतो, हे पाहावयाचे असेल तर कृष्णेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिला भेटतात. या सह्याद्रीकन्यांचे पाणी घेऊन ती कर्नाटकात उतरते, चिकोडी-अथणीकडील उसाचा मुलूख भिजवीत अलमट्टीच्या जलाशयात शिरते. पुढे मलप्रभा, भीमा आणि तुंगभद्रा तिला येऊन मिळतात. श्रीशैलम् व नागार्जुनसागर ही विशाल धरणे ओलांडून ती विजयवाड्याच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र २,५८,९४८ चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी ६९,४२५ महाराष्ट्रात, १,१३,२७१ कर्नाटकात आणि उरलेले ७६,२५२ तेलंगण व आंध्र प्रदेश यांत पडते.

पाऊस मात्र हा नकाशा पाहून पडत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तो कोसळतो आणि थोडेसे पूर्वेस गेले की माण, जत, विजापूर या पट्ट्यात शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. वर्षाचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांतच वाहून येते. म्हणजे नदीची गणना वर्षाच्या बेरजेने करता येते. तिच्याशी संसार मात्र दिवसादिवसाने करावा लागतो. पुढील सारा प्रश्न या एका गोष्टीत सामावलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर कृष्णेच्या वाटणीचा पहिला मोठा प्रयत्न जुलै १९५१ मध्ये झाला. नियोजन मंडळाच्या पुढाकाराने मुंबई, मद्रास, हैदराबाद व मध्य प्रदेश यांच्या प्रतिनिधींनी कृष्णा-गोदावरीच्या पाण्याची पंचवीस वर्षांसाठी वाटणी ठरविली. म्हैसूरने तिला मान्यता दिली नाही. पाच वर्षांत राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद संस्थानातून घडलेले राज्य तीन ठिकाणी विभागले गेले. बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबईतून म्हैसुरात गेले. तेलंगण आंध्रास जोडले गेले. करारावर ज्यांनी सह्या केल्या, ती घरेच जुन्या रूपात उरली नाहीत. नदी तीच राहिली, परंतु तिच्या काठावरील वारसदार बदलले आणि जुन्या कागदावर नवा वाद उभा राहिला.

अशा वादांसाठी राज्यघटनेच्या २६२ व्या अनुच्छेदात स्वतंत्र तरतूद आहे. तिच्या आधारे १९५६ मध्ये आंतरराज्य जलविवादांचा कायदा झाला आणि एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा लवाद नेमला गेला. लवादाने डिसेंबर १९७३ मध्ये निर्णय दिला. स्पष्टीकरणांनंतर तो मे १९७६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. विजयवाड्यापर्यंत नदीत वर्षाकाठी २०६० टी.एम.सी. पाणी धरता येईल, असे लवादाने मानले. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० टी.एम.सी. पाणी मिळाले. सिंचनातून झिरपून नदीत परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब याखेरीज वेगळा धरला गेला.

हा २०६० चा आकडा कसा आला, हे समजून घेणे अगत्याचे आहे. लवादाने १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंतच्या ७८ वर्षांच्या प्रवाहाची नोंद तपासली आणि चारांपैकी तीन वर्षे जेवढे पाणी निश्चित येते, तेवढेच वाटणीस घेतले. यालाच पंचाहत्तर टक्के विश्वासार्हता असे म्हणतात. याचाच अर्थ असा की, सरासरीने दर चौथ्या वर्षी नदी हा आकडा पुरा करणार नाही, हे वाटणी करणाऱ्यांना आरंभापासूनच ठाऊक होते. मग त्या चौथ्या वर्षीची तूट कोणी सोसावयाची?

लवादापुढे या प्रश्नाची दोन उत्तरे होती. पहिल्या योजनेत प्रत्येक राज्याच्या वापराची कमाल मर्यादा ठरवून द्यावयाची होती. तूट आली तर ती ओघानेच खालच्या राज्यावर पडणार. त्याची भरपाई म्हणून चांगल्या वर्षी उरलेले पाणी वापरण्याची मुभा त्या राज्यास होती, मात्र त्यावर हक्क सांगता येणार नव्हता. दुसऱ्या योजनेत तूट आणि वाढावा हे दोन्ही ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावयाचे होते आणि त्यासाठी साऱ्या खोऱ्याचे एक सामाईक प्राधिकरण नेमावयाचे होते. पहिली योजना म्हणजे वाटणी. दुसरी म्हणजे पाळी. दुसऱ्या योजनेस तिन्ही राज्यांची एकमुखी संमती मिळाली नाही. म्हणून पहिलीच अमलात आली.

या निवाड्याने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्या वाट्याला किती पाणी आहे हे कळल्यामुळे राज्यांना धरणे आखता आली, कालवे काढता आले, माळरानावर पीक उभे राहिले. एकमेकांविरुद्ध भांडणाऱ्या याच तीन राज्यांनी १९७६ मध्ये आणखी एक समंजस गोष्ट केली. मद्रास शहराच्या पिण्यासाठी प्रत्येकाने आपल्या वाट्यातून पाच टी.एम.सी. पाणी द्यावयाचे मान्य केले. तामिळनाडूचा या खोऱ्याशी काहीएक संबंध नसताना शेकडो मैल दूरच्या शहराची तहान तिघांनी आपली मानली. तेलुगू गंगा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. मन मोठे केले तर आकडे आड येत नाहीत, हे त्यावरून दिसते.

परंतु वाटणीने जे साधत नाही, ते दर उन्हाळ्यात उघडे पडते. कृष्णा सीमेपाशी रोडावते. अथणी, जमखंडीकडील गावांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासू लागते, आणि कोयना-वारणेतून पाणी सोडावे अशी विनंती कर्नाटकातून महाराष्ट्राकडे येते. शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्यावरून ते पाणी पुढे जाते. काही वर्षी त्याचे मूल्य घेतले गेले. पुढे महाराष्ट्राने वेगळा प्रस्ताव मांडला : पैसे नकोत, पाण्याच्या बदली पाणी द्यावे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची पूर्वेकडील गावे महाराष्ट्राच्या कालव्यांपासून दूर आहेत, परंतु कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचे पाणी त्यांच्या शिवेजवळ येते. राजापूरला दिलेल्या पाण्याच्या बदली त्या गावांना पाणी मिळावे, हे साधे शेजारधर्माचे गणित आहे. सीमेच्या दोहों बाजूंना तहान सारखीच आहे. तरीही असल्या देवाणघेवाणीस कायमचा नियम नाही. दरसाल पत्रे, दरसाल बैठका आणि दरसाल रिकाम्या घागरी.

उन्हाळ्याचे हे दुखणे सोसण्याजोगे तरी आहे. पुराचे तसे नाही. लवादाने टंचाईचा विचार करून पाणी वाटले. पूर कोणाच्याही वाट्याला लिहिला गेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. सांगली, कोल्हापूर, शिरोळ आणि सीमेपलीकडील चिकोडी, अथणी येथील गावे पाण्याखाली गेली. माणसे गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे गेली, उभा ऊस कुजला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

या पुराच्या मुळाशी धरणाचा एक स्वाभाविक अंतर्विरोध आहे. सिंचनासाठी बांधलेले धरण लवकर भरलेले बरे; पुरासाठी ते रिकामे असलेले बरे. ज्या राज्याला वर्षाचा ठरावीक वाटा घ्यावयाचा आहे, ते जुलैमध्ये दारे उघडून पाणी जाऊ देण्यास कचरते. पुढे पाऊस आला नाही तर काय, ही धास्ती त्याला असते. वरच्या धरणांनी केव्हा किती सोडावे आणि खालच्या अलमट्टीने त्याआधी किती जागा करून ठेवावी, हे दोन स्वतंत्र कचेऱ्यांत ठरते. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते, अशी नदीकाठची दृढ समजूत आहे. महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टी हे पुराचे मुख्य कारण नाही, असा निष्कर्ष काढला. तरीही शंका मिटली नाही. जेथे दोघांचे मोजमाप एका वहीत होत नाही, तेथे शंका अहवालाने मिटत नाही. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांनी बेंगळुरूत भेटून पावसाची व विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांस देण्याचे ठरविले, ही त्या दृष्टीने शहाणपणाची सुरुवात होती. मात्र भेटीगाठींवर चालणारी व्यवस्था माणसे बदलली की सैल पडते.

दरम्यान वाटणीचा वाद पुढे चालूच राहिला. २००४ मध्ये न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद बसला. त्याने २०१० मध्ये दिलेल्या निर्णयात अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरांवरून ५२४.२५६ मीटरांपर्यंत नेण्यास कर्नाटकास अनुमती दिली आणि वाढाव्याचेही वाटप केले. २०१३ च्या पुढील अहवालात आंध्र प्रदेशास १००५, कर्नाटकास ९०७ व महाराष्ट्रास ६६६ टी.एम.सी. असे आकडे ठरले. परंतु सप्टेंबर २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली होती. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य निघाले आणि खालच्या वाट्याची पुन्हा वाटणी करण्याची पाळी आली. २०१५ मध्ये आंध्र प्रदेशास ५१२ आणि तेलंगणास २९९ टी.एम.सी. अशी तात्पुरती सोय झाली. या दोघांसाठी कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळही स्थापन झाले. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्या मंडळाच्या बाहेर आहेत. नदीच्या खालच्या अंगास मंडळ आणि वरच्या अंगास पत्रव्यवहार, अशी ही व्यवस्था आहे.

मग पाळी ठरविणे अशक्यच आहे काय? याचे उत्तर याच खोऱ्यात, होसपेटजवळ सापडते. मद्रास व हैदराबाद यांनी मिळून बांधलेल्या तुंगभद्रा धरणासाठी १९५३ मध्ये सामाईक मंडळ स्थापन झाले. हे मंडळ दरवर्षी पाण्याचा अंदाज घेते आणि लवादाने ठरविलेल्या प्रमाणात त्या वर्षीच्या पाण्याचे वाटप आखते. जलाशयात गाळ साचून मूळची १३३ टी.एम.सी. क्षमता सुमारे १०५ पर्यंत उतरली आहे. तेव्हा पूर्ण हक्क कोणालाच मिळत नाही. परंतु तूट एकाच्या माथी न पडता साऱ्यांना आपापल्या प्रमाणात सोसावी लागते. तेथेही कुरबुरी होतात, कालव्याच्या शेपटास पाणी पोहोचत नाही अशा तक्रारी येतात. तथापि १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री धरणाचा एकोणिसावा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, तेव्हा कोणाचे पाणी वाया चालले यावर भांडण माजले नाही. वाहत्या पाण्यात तात्पुरता दरवाजा बसवून आठवड्याभरात प्रवाह अडविला गेला. पाणी सर्वांचे होते म्हणून चिंताही सर्वांची होती.

कृष्णेच्या बाबतीतही याहून निराळे काही करावयाचे नाही. वाट्यांचे आकडे न्यायासनासमोर ठरत राहोत. परंतु कोयनेपासून नागार्जुनसागरापर्यंतच्या धरणांची पातळी, आवक आणि विसर्ग चारही राज्यांच्या अभियंत्यांनी एका वहीत लिहावयास न्यायालयाची आडकाठी नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेस कोणत्या धरणात किती जागा रिकामी राहील आणि उन्हाळ्यात राजापूरला व जतला किती पाणी जाईल, हे आधी ठरवून ठेवता येते. त्यामुळे कोणाच्या वाट्याचा एक थेंबही कमी होत नाही.

वाटणीच्या कागदावर सही झाली म्हणजे पंच आपापल्या घरी जातात. त्यानंतर विहिरीवर रोज भेटावयाचे असते ते भावांनाच. कोणाची पाळी केव्हा, आणि पाणी खाली गेले तर कोणी किती थांबावयाचे, हे त्यांनी ठरविले नाही, तर कागदावरचा हक्क पूर्ण असूनही एकाचे पीक वाळते आणि दुसऱ्याचे घर बुडते. कृष्णेच्या काठी हे दोन्ही घडलेले आहे.