पाठीमागचा ध्वनि

मैफल ऐकावयास बसलेल्या श्रोत्याचें तोंड गवयाकडे असतें. परंतु त्याचे कान केवळ समोरचेंच ऐकत असतात असें नाहीं. गवयाच्या कंठांतून निघालेला स्वर एकदां सरळ येऊन पोंचतो, आणि मग तोच स्वर छतावर, बाजूच्या भिंतींवर व मागच्या दारांखिडक्यांवर आपटून, क्षीण होत होत पुनःपुन्हां येतो. सभागृह मोठें कीं लहान, हें डोळे मिटूनहि कळतें तें या मागाहून येणाऱ्या स्वरांमुळें. घरांतील स्टीरिओ संचांत नेमकी हीच गोष्ट हरवते. दोन्ही स्पीकर समोर मांडलेले असल्यामुळें सभागृहाचा घुमारासुद्धां गवयाच्याच बाजूनें येतो, आणि सारी मैफल समोरच्या भिंतीवर तसबिरीसारखी टांगलेली वाटते.

हें न्यून घालविण्यासाठीं जुना संच मोडींत काढून नवा घ्यावा, असा सल्ला दुकानांत सहज मिळतो. जुना संच चांगला वाजत असेल तर या सल्ल्याची घाई नसावी. जुन्या दोन स्पीकरांना हात न लावतां त्यांच्या जोडीला एक सराउंड प्रोसेसर, एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर आणि मागें दोन साधे स्पीकर एवढी भर घातली, तरी खोलीचें रूप पालटतें. कारण जो ध्वनि मागें ऐकावयाचा, तो पुष्कळदां त्या दोन मार्गांतच दडलेला असतो.

अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालच्या डिसेंबरांत स्टीरिओ पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हांच दोन मार्गांवरील ध्वनींची बेरीज व वजाबाकी यांचा विचार त्यानें केला होता. तराजूच्या दोन पारड्यांत सारखें वजन पडलें तर कांटा हलत नाहीं. मधोमध बसलेल्या गवयाचा स्वरहि दोन्ही मार्गांवर सारखाच उतरतो. एकांतून दुसरा वजा केला कीं बाकी शून्य. भिंतींवरून येणारे पडसाद मात्र दोन मायक्रोफोनांपाशीं कधीं एकसारखे पोंचत नाहींत. म्हणून वजाबाकींत पडसादच ठळकपणें शिल्लक राहतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील डेव्हिड हॅफ्लर यानें या तत्त्वावर एक जोडणी प्रचारांत आणली. तिच्यांत प्रोसेसर मुळींच नाहीं: मागचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या दोन तांबड्या टोंकांमध्येंच जोडावयाचा. युक्ति सुंदर खरी. पण ज्या अ‍ॅम्प्लिफायरचीं दोन काळीं टोंकें आंतून एकमेकांस जोडलेलीं नसतात, त्यावर ती करून पाहूं नये. यंत्र जळण्याचा संभव असतो.

चित्रपटवाल्यांनीं हाच हिशेब उलट मांडला. डावा, मधला, उजवा आणि मागचा असे चार मार्ग त्यांनीं दोहोंत घडी करून बसविले. मधला ध्वनि दोहोंत समान, आणि मागचा दोहोंत परस्परविरुद्ध, म्हणजे एक लाट वर चढते त्याच क्षणीं दुसरी खालीं उतरते असा. १९७७ सालचा 'स्टार वॉर्स' अनेक चित्रगृहांत असाच वाजला. घरांतील यंत्रांसाठीं डॉल्बी सराउंड १९८२ सालीं आलें. त्याच्या साध्या वजाबाकींत शेजारच्या मार्गांमधील अंतर अवघें तीन डेसिबेल राही, म्हणजे डावीकडचें वाद्य मागेंहि बरेंच झिरपे. १९८७ च्या प्रो लॉजिकमध्यें प्रबळ ध्वनीची दिशा ओळखून ही गळती दाबण्याची सोय झाली.

यापेक्षांहि मौजेची गोष्ट विलंबाची आहे. मागचा ध्वनि प्रोसेसर मुद्दाम सुमारें वीस सहस्रांश सेकंद उशिरां सोडतो. तेवढ्या वेळांत हवेंतून ध्वनि जवळजवळ सात मीटर जातो. एकच ध्वनि दोन ठिकाणांहून आला तर कान पहिल्यानें आलेल्याचीच दिशा खरी मानतो, हें हेल्मुट हास यानें १९४९ सालच्या आपल्या प्रबंधांत प्रयोगांनीं दाखविलें. म्हणून पात्राचें बोलणें थोडें मागें झिरपलें तरी तें पडद्यावरूनच आल्यासारखें वाटतें. शिवाय सात हजार कंपनांवरील तीक्ष्ण भाग मागच्या मार्गांतून गाळलेला असतो. नाहीं तर प्रत्येक 'स' आणि 'श' पाठीशीं सळसळला असता.

जोडणी अवघड नाहीं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर टेपरेकॉर्डरसाठीं ठेवलेली येण्याजाण्याची वाट असते. तिच्यांतून ध्वनि प्रोसेसरकडे न्यावा आणि पुढच्या दोन स्पीकरांचा भाग तेथूनच परत आणावा. मात्र यापुढें आवाज कमीजास्त करावयाचा तो प्रोसेसरवरूनच. अ‍ॅम्प्लिफायरचें बटण फिरविलें तर पुढचा आवाज वाढेल आणि मागचा जेथल्या तेथें राहील. मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या बरेच वर लावावे, आणि त्यांचीं तोंडें थेट श्रोत्यांवर रोखूं नयेत. नव्या डिस्कांवरील स्वतंत्र सहा मार्ग असा जुना प्रोसेसर वाचूं शकत नाहीं. बहुतेक प्लेअर तेच ध्वनि दोन मार्गांत दुमडून देतात, त्यावर भागवावें लागतें.

खरी चूक होते ती पुढें. पैसे खर्च केले आहेत तर मागचें ऐकूं आलेंच पाहिजे, या हट्टानें गृहस्थ मागचा आवाज चढवितो, आणि पाहुण्यांच्या मानेमागें टाळ्यांचा कडकडाट सुरू होतो. मागचे स्पीकर वाजत आहेत हें कोणाच्या लक्षांतहि येऊं नये. ते बंद केले म्हणजे मात्र खोली एकाएकीं आखडल्यासारखी वाटावी. ही परीक्षा घरांतील दुसऱ्या कोणाकडून, न सांगतां बटण दाबवून करावी.

आणि ज्या घरीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या तबकड्या आहेत, तेथें एक चमत्कार घडतो. त्या एकमार्गी तबकड्यांवर स्टीरिओची सुई ठेवली तर गाणें दोन्ही मार्गांवर सारखें उतरून वजाबाकींत नाहींसें होतें. ओरखडे मात्र खोबणीच्या दोन कडांवर निरनिराळे असतात. मग पुढून किराणा घराण्याचा स्वर, आणि पाठीमागून नुसती फोडणीची तडतड! तेंच गाणें सीडीवरून लावलें तर मागें पूर्ण शांतता पसरते, आणि यंत्र बिघडलें म्हणून कारागिराला बोलावणें जातें. बिघाड कांहींच नसतो. अशा वेळीं प्रोसेसरचें बटण बंद करावें आणि खांसाहेबांना समोरूनच ऐकावें.