‘पिंपलची ट्यूब द्या’

लग्नसराई किंवा कॉलेजचं गॅदरिंग तोंडावर आलं, की धाराशिव जिल्ह्यात कळंब, उमरगा, परंडा, कुठल्याही गावच्या मेडिकलवर एक मागणी हमखास ऐकू येते : ‘पिंपलची ट्यूब द्या.’ मागणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा किंवा पोरगी असते. औषधाचं नाव ठाऊक नसतं. मैत्रिणीनं लावली आणि आठवड्यात तोंड साफ झालं, एवढंच ऐकलेलं असतं. काउंटरवरून ट्यूब सरकते, पैसे दिले जातात, आणि त्या चेहऱ्याकडे कुणी नीट बघितलेलंही नसतं.

या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही त्याची नावं ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेली असतात. इसब किंवा सोरायसिससारख्या आजारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली हीच औषधं उत्तम काम करतात. मुरमांच्या चेहऱ्यावर मात्र ती घात करतात. पहिले काही दिवस लाली उतरते, सूज बसते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. मग ट्यूब संपते, आणि आधी होते त्याच्या दुप्पट मुरूम उठतात. घाबरून दुसरी ट्यूब आणली जाते. असं काही महिने चाललं की कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, उन्हात पाऊल टाकताच तोंडाची आग होते, मुलींच्या गालावर, हनुवटीवर केस वाढतात.

हा प्रकार किती पसरला आहे, याचा अंदाज 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. देशातल्या 12 केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची विचारपूस झाली. त्यातले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणं किंवा असलेले वाढणं. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. नियम चांगला आहे. तो काउंटरपर्यंत पोचायला हवा.

गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमची गोष्ट तर याहून गंभीर. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातली प्रकरणं उजेडात आली. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झालेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा कारण निघालं चेहऱ्याला लावायच्या क्रीममधला पारा. पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि तिथून मूत्रपिंडात जाऊन बसतो. केरळातही त्याच सुमारास असेच रुग्ण सापडले.

मुळात मुरूम येतात कसे? वयात येताना शरीरात अँड्रोजेन हार्मोन वाढतं, त्यानं त्वचेतल्या तेलग्रंथी फुगतात आणि तेल जास्त सुटतं. रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत तेल साचतं, तिथे नेहमी राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. यात अस्वच्छतेचा संबंध नाही, म्हणून दिवसातून पाच वेळा तोंड घासून उपयोगही नाही. ‘अंगात उष्णता आहे’ असं म्हणत घरोघरी सब्जा भिजवला जातो, गुलकंद खाल्ला जातो. त्यानं नुकसान काही नाही, पण रंध्रातला बूच त्यानं निघत नाही. शेंगदाण्याच्या चटणीवर ठेवला जाणारा ठपकाही बिनपुराव्याचा. साखर आणि मैदा मात्र कमी केल्यानं काही जणांना फरक पडतो. दुधाबद्दलचा पुरावा कच्चा आहे, तेव्हा कुंथलगिरीच्या पेढ्याला एवढ्यात दोषी धरू नये.

जिल्ह्यातल्या काही सवयी मात्र तपासून बघण्यासारख्या आहेत. उन्हाळ्यात अनेक गावांत बोअरचं जड पाणी वापरावं लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त घासला जातो आणि त्वचा कोरडी, चुरचुरीत होते. उस्मानाबादी शेळीच्या दुधाचा साबण इथल्या गावांत तयार होतो, त्यातून बायकांच्या हाताला काम मिळतं. तो जरूर विकत घ्यावा. पण कुठलाही साबण चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहून धुतला जातो, त्याच्याकडून मुरूम बरे करण्याची अपेक्षा धरू नये. डोक्याला चापून लावलेलं तेल कपाळावर ओघळतं, तिथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. नवरात्रात तुळजापूरला मळवट भरला जातो. हळद-चुन्याच्या जुन्या कुंकवाऐवजी आता रासायनिक रंगाचं कुंकूही मिळतं, आणि त्यानं काहींच्या कपाळावर खाज सुटते, काळे डाग पडतात. भक्तिभावानं भरलेला मळवट रात्री झोपण्यापूर्वी पाण्यानं धुतला, तर देवीचा कोप होणार नाही.

टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांनी कातडी भाजते. मुरूम फोडण्याचंही तसंच. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, क्वचित खड्डा कायमचा पडतो.

खरे उपाय साधे आणि बहुतेकांना परवडणारे आहेत. सौम्य फेसवॉशनं दिवसातून दोनदा तोंड धुणं, दिवसा सनस्क्रीन, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जेलनं जिवाणू मरतात. उशीच्या अभ्र्याचा आणि ओढणीचा रंग मात्र त्यानं उडतो, तेव्हा जुना टॉवेल घ्यावा. अ‍ॅडापालीन हे रात्री लावायचं औषध. वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं, नुसतं मुरमावर टिपकं द्यायचं नाही. गरोदरपणात ते वापरत नाहीत. सुरुवातीला थोडी आग होते, सालं निघतात, आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. इथेच पोरं हार मानतात आणि पुन्हा त्या झटपट ट्यूबकडे वळतात. गाठीसारखे मुरूम असतील तर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या आहेत, पण गर्भाला त्यांचा मोठा धोका असल्यानं त्या डॉक्टरांच्या हातूनच घ्याव्यात. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, तर त्याचीही तपासणी करून घ्यावी.

पूर्वी चेहरा दाखवायला तुळजापूरचे लोक सोलापूर गाठत, कळंबचे अंबाजोगाई. आता धाराशिवलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आईवडिलांनी ‘वयाचं आहे, जाईल आपोआप’ म्हणून वर्षं घालवू नयेत. मुलांना घेऊन त्वचारोग विभागात जावं. जाताना चेहऱ्याला आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत टाकून डॉक्टरांसमोर ठेवावी.