जुलैचा टायर मे महिन्यात बघायचा

पाऊस अजून यायचा आहे, म्हणूनच हा विषय मी आज मागून घेतला.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या सरीत माझी धाकटी बहीण पाम बीच रोडवर स्कूटरवरून घसरली. वेग चाळीसच्या आत होता. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मागचा टायर गोटा झाला होता. आदल्याच रविवारी मी तो हातानं चाचपून म्हटलं होतं, ‘चालेल अजून, दिवाळीला बदलू.’ ते वाक्य मला अजून टोचतं.

मे महिन्यात तो टायर खरोखरच चांगला चालत होता, माझी फसगत तिथेच झाली. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरची पकड कमी होत नाही, उलट जास्त रबर रस्त्याला टेकतं. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या दिवशी बिननक्षीचेच टायर घालतात. नक्षी असते ती पाण्यासाठी. पहिल्या पावसात तेल, धूळ आणि पाणी मिळून रस्त्यावर बुळबुळीत थर बसतो. तो कापून खाली टेकायला नक्षीच्या कडा लागतात, आणि आमच्या टायरला त्या उरल्याच नव्हत्या.

चारचाकीचा हिशेब करू. टायरची रुंदी १७ सेंटीमीटर, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. हे पाणी नक्षीच्या चरांतून वाट काढतं. चर भरले की टायर पाण्यावर उचलला जातो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. ३० पौंड हवा असलेल्या टायरला हे साधारण ताशी ९० च्या आसपास होऊ शकतं, हवा कमी असेल तर त्याच्याही आधी. सायन-पनवेल महामार्गावर पावसात या वेगानं जाणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो.

कायद्यानं चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी लागते. टायरच्या चरांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही मर्यादा शेवटची आहे, आणि आपल्याकडच्या पावसाला ती पुरत नाही असं माझं ठाम मत आहे. मे अखेरीस चारचाकीची नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली असेल, तर मी दिवाळीची वाट बघणार नाही. मापही चार ठिकाणी घ्या. फक्त कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, फक्त मधला पट्टा झिजला तर जास्त भरली, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट बिघडलं. कारण दुरुस्त केलं नाही तर नवा टायरही तसाच जाईल.

शेतातल्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं. पनवेल-उरणकडे चिखलणीत मागच्या चाकाचे दाते बोथट झाले की चाक जागेवरच फिरतं आणि डिझेल जळतं. तिथे टायर बदलायची वेळ कामच सांगतं. रस्त्यावरचा टायर अशी आगाऊ सूचना देईलच असं नाही.

आता नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांमधली गाडी. वर्षभर कव्हरखाली उभी, गणपतीला पुण्याला जाण्यापुरती बाहेर निघते. नक्षी नव्यासारखी, म्हणून कुणी टायरकडे बघत नाही. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. हवेतल्या ओझोननं आणि उन्हानं बाजूच्या भिंतीला बारीक तडे जातात. हवाही हळूहळू उतरते. मग कळंबोलीहून द्रुतगती महामार्गाला लागलं, की कमी हवेचा टायर फिरताना सतत दुमडतो, त्या दुमडण्यानं तापतो आणि फुटतो. अशा गाडीत बहुधा आजी-आजोबा बसलेले असतात, म्हणून मला हे कळवळून सांगावंसं वाटतं. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी, नक्षी कितीही असो, टायर काढून टाकावा, असा काही कंपन्यांचा सल्ला आहे. आपल्या उकाड्यात मी सातव्या वर्षीच काढतो. नवा घेतानाही हे आकडे वाचा. दुकानात पडून राहिलेला टायर नवा नसतो.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवा. गॅरेजमध्ये सहसा पुढे बसवतात. पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुतेकदा सावरते. मागचा घसरला तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातातलं नसतं. स्टेपनीचंही वय बघा, ती तर कधीच झिजत नाही.

खोली मोजायची पट्टी मी बरोबर आणली आहे. प्रश्नोत्तरं झाली की खाली पार्किंगमध्ये थांबतो. ज्यांची गाडी आज इथे आहे त्यांनी यावं, सगळ्यात आधी स्कूटरवाल्यांनी.