अल्दाब्राचं बिल कोणाच्या नावावर?

किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याच्या बाटल्या आणि बेशिस्त पर्यटक येतात. हिंदी महासागरातल्या अल्दाब्राला हे चित्र लागू पडत नाही. सेशेल्सचं हे कंकणाकृती प्रवाळद्वीप १९८२पासून जागतिक वारसास्थळ आहे. संशोधन केंद्रातली मोजकी माणसं सोडली तर वस्ती नाही. महाकासवं मात्र लाखभर. २०१९मध्ये तिथून २५ टन कचरा काढला, त्याला २,२४,५३७ डॉलर लागले, आणि उरलेला कचरा अंदाजे ५१३ टन निघाला. अंदाजाचा पल्ला मोठा आहे, २१२ ते ८१४ टन. पण खालचा आकडा धरला तरी काढला त्याच्या आठपट शिल्लक. वजनाने त्यातला ८३ टक्के माल मासेमारीचा, चपला ७ टक्के. त्या चपला दूरवरून येतात, आपल्या किनाऱ्यावरूनही जात असतील, तेव्हा हात झटकायचं कारण नाही. पण सफाईचं मोठं बिल मासेमारी उद्योगाच्याच नावावर फाडलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: समुद्रातल्या जाळ्यावर मालकाचं नाव थोडंच असतं? जुन्या दोरावर नसतं, हे खरं. पण ट्यूना पकडणाऱ्या पर्ससीन नौका पाण्यात तराफे सोडतात, ते पाहा. वर बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, खाली लोंबणारे दोरखंड, आणि सोबत उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा, अनुक्रमांक असलेला बोया. तराफ्याखाली मासे जमतात, नौका नेमकी तिथे पोचते. मासे जमेपर्यंत मालकाला तराफ्याची जागा बिनचूक ठाऊक असते. तो वाहत कामाच्या टापूबाहेर गेला की बोयाचा संदेश बंद केला जातो आणि तराफा बेवारस होतो. अशा अज्ञानाची सबब मी तरी मानणार नाही. बिनखुणेच्या जाळ्यांचा भार नौकांच्या संख्येनुसार ताफ्यांवर वाटता येईल.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. सेशेल्स स्वतःच परवाना शुल्क घेतं, व्हिक्टोरिया बंदरात ट्यूना उतरतो, तिथेच डबाबंद होतो. मग तक्रार कसली? उलट, वसुलीची जागा तीच आहे, असं मला वाटतं. परवान्यासोबत तराफ्यामागे अनामत घ्यावी, आणि तो परत आणला तरच ती परत द्यावी. मासळी महागेल, हे कबूल. आज तो खर्च बेट सोसतं, एवढाच फरक. उरलेली सफाई ४६ लाख ८० हजार डॉलर आणि १८,००० मनुष्यतास मागते. कचरा पुन्हा येणारच, मग काढायचा कशाला, असंही विचारतात. पण अंडी घालायला वर सरपटणारी हिरवी कासवीण याच वाळूतून वाट काढते, तिला या वर्षीच किनारा मोकळा हवा. प्लॅस्टिक प्रदूषण रोखण्यासाठीच्या जागतिक कराराची बोलणी बुसानला २०२४मध्ये आणि जिनिव्हाला २०२५मध्ये फिसकटली. परवान्यात अनामतीचं कलम घालायला मात्र त्या कराराची वाट पाहावी लागत नाही.