सर्पदंश आणि लिहून ठेवलेले नियम
(कार्ले येथे केलेल्या भाषणातून)



पावसाळा लागला की आपल्या मावळातील कातकरी आणि ठाकर कुटुंबे दिवसभर भातखाचरांत राबतात आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकतात. त्यामुळे सर्पदंशाचा धोका त्यांना जास्त. माणूस वाचला की आपण म्हणतो, “नशीब, डॉक्टर चांगला भेटला.” पण ड्युटीवर कोण आहे, यावर गरिबाच्या लेकराचा जीव का अवलंबून असावा?

म्हणूनच केंद्र सरकारने सर्पदंशावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे लिहून दिली आहेत. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल, तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ताजे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही, तर विषावरचे इंजेक्शन लगेच सुरू करायचे. मण्यार चावली तर ही चाचणी उपयोगी पडत नाही. तिचा दंश झोपेत कळतही नाही; पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडतो. म्हणून डोळे आणि श्वास तपासत राहायचे. मुलांनाही मोठ्यांइतकाच डोस द्यायचा, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. लक्षणे नसली तरी रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवायचे.

नळी, घड्याळ, बॅटरी आणि भिंतीवर लावलेला कागद, एवढ्याने सुरुवात होते.

असे नियम मोठ्या शहरांतच जन्मतात असे नाही. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदी केल्या. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि तो उपचार पुढे इतर डॉक्टरांच्याही हाती आला.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. आपल्या वाट्याचे काम साधे आहे. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा. आणि रुग्णाबरोबर दवाखान्यात जा. वाडीवरची माणसे तिथे प्रश्न विचारायला बिचकतात. तुम्ही नम्रपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, २० मिनिटांची चाचणी झाली का?”

तेवढ्या एका प्रश्नाने एखाद्या घरातला माणूस परत घरी येऊ शकतो.