आमच्या ताई



भगवान महावीरांच्या ज्येष्ठ भगिनी सुदर्शना. भगवंतांच्या निर्वाणाने शोकाकुल झालेल्या बंधू नंदिवर्धनांना त्यांनी कार्तिक शुद्ध द्वितीयेस घरी नेऊन जेवू घातले. तीच भाऊबीज, असे आपली परंपरा सांगते.

ही कथा आमच्या कै. ताईंनी आचरणात आणली. वडिलांच्या पश्चात दुकानाच्या वाटणीवरून माझे दोघे वडीलबंधू एकमेकांशी बोलेनासे झाले. ताईंनी स्वतःचा हिस्सा सोडला, तरी तिढा सुटेना. मग भाऊबीजेस त्यांनी दोघांपुढे एकच ताट मांडले. सूर्यास्त जवळ येत होता. चौविहार ताईंनी कधी मोडला नव्हता, आणि भावांआधी त्या जेवणार नव्हत्या. अखेर थोरल्यांनी धाकट्यांच्या मुखी घास दिला.

त्या वर्षीची ओवाळणी ताईंनी पांजरपोळास पाठविली.